टीप वाचायच्या आधी स्वतःची चाल लिही

प्रश्न: काका नमस्कार, मी मूळची सांगलीची, सध्या कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते, इंजिनिअरिंगचं सेकंड इयर चालू आहे. शाळेत बुद्धिबळ खेळायचे, मधे सुटलं, आता परत ऑनलाईन रॅपिड खेळते, पण रेटिंग पंधराशेच्या आसपास अडकलंय. अप्पा बळवंत चौकातून ग्रँडमास्टर लोकांच्या डावांचं एक जुनं इंग्लिश पुस्तक घेतलं, चालींवर टिपा असलेलं. रोज रात्री झोपायच्या आधी एकदोन डाव वाचते. वाचताना सगळं पटतं, मस्त वाटतं, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या डावात त्यातलं काहीच आठवत नाही. मेसमधला एक मित्र म्हणतो इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) असताना असली पुस्तकं वाचणं म्हणजे टाइमपास, त्यापेक्षा पझल्स कर. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटना) रेटेड स्पर्धा खेळणारे. वाचत राहू की सोडून देऊ? आणि काळ्याने मी कारो-कान ओपनिंग (ई४ ला सी६) खेळते, त्यात एक्स्चेंज, म्हणजे डी५ ला प्याद्यांची मारामारी, आलं की नेहमी गुदमरते, त्याबद्दलही सांगा.
तुमची एक वाचक

उत्तर:

सोडू अजिबात नकोस. पण ज्या पद्धतीने वाचतेयस ती पद्धत आजपासून बंद कर.

तू लिहिलंयस ना की वाचताना सगळं पटतं, तिथेच गोम आहे. टिपा लिहिणारा माणूस डाव संपल्यावर लिहायला बसतो, निकाल त्याला माहीत असतो, मग तो एकेक चाल समोर ठेवतो आणि लगेच खाली कारण देतो, आणि कारण वाचलं की आपल्याला वाटतं हो बरोबर, इथे हेच खेळायला पाहिजे. पण ते तुला सुचलेलं नसतं, त्याने सांगितलं म्हणून कळलेलं असतं, आणि स्पर्धेत समोर क्लॉक चालू असताना सांगणारं कोणी नसतं. रात्री अंथरुणात पडून गोष्टीसारखे दोन डाव वाचले की करमणूक छान होते, खेळाबद्दल प्रेमही वाढतं, त्याला माझी काही हरकत नाही, पण त्याला अभ्यास समजू नकोस.

आता तुझ्या मित्राचं. तो पूर्ण चुकीचं बोलत नाहीये. पंधराशेच्या लेव्हलला बरेचसे डाव एखादा मोहरा फुकट गेला, फोर्क (एकाच मोहऱ्याचा दोघांवर हल्ला) दिसला नाही अशा कारणांनी संपतात, त्यामुळे पझल्स रोज थोडी कर, सकाळी वीस मिनिटं दे, ती बंद करू नकोस. पण पझल समोर आलं की तुला आधीच माहीत असतं की इथे काहीतरी आहे, शोधलं की सापडणार. डावात असं कोणी सांगत नाही. चाळीस चालींपैकी बहुतेक वेळा शोधण्यासारखं काही नसतंच, नुसतं मोहरा कुठे ठेवायचा, कुठली मारामारी करायची आणि कुठली टाळायची, प्यादं ढकलायचं की थांबायचं एवढंच ठरवायचं असतं, आणि ते पझल्समधून येत नाही. ते चांगल्या माणसाने टिपा लिहिलेल्या डावांतूनच येतं असं माझं ठाम मत आहे. इंजिन तुला सांगेल प्लस एक पॉइंट तीन, म्हणजे पांढरा एवढा वरचढ. का, ते सांगणार नाही.

मग करायचं काय. पुस्तक, एक खरा बोर्ड, एक जाड वही आणि पान झाकायला एक पोस्टकार्ड एवढं घेऊन टेबलावर बस, अंथरुणात नाही, आणि फोन लांब ठेव. पहिल्या आठदहा चाली पटापट लाव, तिथे अडकू नकोस. त्यानंतर जिंकणाऱ्याच्या बाजूने बसायचं, कार्डाने पुढचं झाकायचं आणि प्रत्येक चालीला आधी स्वतः ठरवायचं की मी काय खेळले असते. वहीत लिही: माझी चाल, त्यावर समोरच्याचं उत्तर काय येईल, आणि मी हे का खेळतेय. दोनच ओळी, पण लिहायच्या, मनातल्या मनात नाही, कारण मनातल्या मनात आपण नंतर स्वतःला सोयीचं आठवतो. मग कार्ड खाली सरकवायचं, खरी चाल बघायची, टीप वाचायची.

सगळ्या चालींना सारखा वेळ द्यायचा नाही हां. बहुतेक चालींना एक मिनिट पुरे. पण डावात पाचसहा जागा अशा येतात की तिथे दहा दहा मिनिटं बसलंच पाहिजे: वजिरावजिरी होऊ शकते अशी जागा, प्याद्यांची रचना बदलणार असेल ती जागा, कोणीतरी मोहरा सोडायला तयार झालाय ती जागा. ओळखता येत नसेल तर सुरुवातीला एक सोपी युक्ती आहे, कार्ड लावताना कुठल्या चालीखाली लांबलचक परिच्छेद आहे एवढंच नजरेने बघून ठेव, शब्द वाचू नकोस, म्हणजे कळतं की लिहिणाऱ्यालाही इथे थांबावंसं वाटलं होतं.

तुझी चाल आणि खरी चाल वेगळी निघाली की नुसतं चूक म्हणून पुढे जाऊ नकोस. ती चाल तुला दिसलीच नव्हती, की दिसली होती पण तू नाकारलीस? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. आणि तिसरा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा, चाल बरोबर निघाली पण कारण चुकीचं होतं. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं अशा वेळी खूश होऊन टिकमार्क करतात आणि पुढे जातात, मी त्यांना तिथेच थांबवतो, कारण चुकीच्या कारणाने आलेली बरोबर चाल पुढच्या डावात दगा देणार हे ठरलेलं आहे.

एक उदाहरण नीट बघू. बोर्ड घे आणि लाव. १९२४, न्यूयॉर्क, पांढऱ्याने कापाब्लांका, तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन, काळ्याने टार्टाकोव्हर. ३४ चाली झाल्यात, वजीर, उंट, घोडे सगळे गेलेत, दोघांकडे एकेक हत्ती आणि पाच पाच प्यादी. पांढरा राजा एफ३, हत्ती एच७, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५. काळा राजा एफ८, हत्ती सी६, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, एफ५. चाल पांढऱ्याची, आणि काळ्याचा हत्ती सी३ च्या प्याद्यावर टपून बसलाय. पुढचं वाचू नकोस, आधी लिही.

लिहिलंस? ही पोझिशन दिली की मुलं सी३ कसं वाचेल याच विचारात पडतात, राजा त्या बाजूला वळवू बघतात. कापाब्लांका राजा जी३ ला ठेवतो. बरोबर उलट्या दिशेला, आणि अशा जागी की तिथेही सी३ चं प्यादं शह देत पडतं. हत्तीने सी३ घेतलं, शह, राजा एच४. काळ्याचा हत्ती एफ३ ला येतो, आता एफ४ वर डोळा. पांढरा तेही सोडतो आणि जी६ ढकलतो. हत्तीने एफ४ घेतलं, परत शह, राजा जी५, हत्ती ई४ ला जातो. आता पांढरा दोन प्यादी खाली आहे आणि एफ५ चं काळं प्यादं त्याच्या राजाला लागून उभं आहे, घेता येतंय. इथे परत कार्ड लाव आणि परत लिही.

खरी चाल आहे राजा एफ६. प्यादं घेतलंच नाही! का, तर एकतर राजा एफ६ आणि प्यादं जी६ झालं की हत्ती एच८ ला येऊन मात अशी सरळ धमकी आहे, आणि दुसरं म्हणजे ते एफ५ चं प्यादं काळ्याचं असूनही आता पांढऱ्या राजाची ढाल झालंय, मागून एफ फाइलवर शह द्यायला काळ्याच्या हत्तीला वाटच नाही. काळ्याला राजा जी८ करावा लागतो, मग हत्ती जी७ ला शह, राजा एच८, आणि हत्तीने सी७ घेतलं. तिथून काळ्याची प्यादी एकेक करून पडत जातात, एफ५ सुद्धा पुढच्याच चालीला घेतो, आणि ५२ व्या चालीनंतर काळ्याने डाव सोडला.

आता हेच तू रात्री पडल्या पडल्या वाचलं असतंस तर काय लक्षात राहिलं असतं? "एंडगेममधे राजा अॅक्टिव्ह ठेवा." ते तर सगळ्यांनाच पाठ आहे. पण तू वहीत "सी३ वाचवायचं" असं स्वतःच्या हाताने लिहिलं असशील आणि त्याखाली ही चाल बघितली असशील, तर पुढच्या वेळी हत्तीच्या एंडगेममधे एखादं प्यादं धोक्यात आलं की तुला तुझीच ती ओळ आठवणार. त्या स्पर्धेच्या पुस्तकातल्या टिपा अलेखिनच्या आहेत हेही सांगतो. तो स्वतः तिथे खेळत होता, लास्कर पहिला, कापाब्लांका दुसरा, अलेखिन तिसरा. आणि तीनच वर्षांनी, १९२७ ला ब्युनोस आयर्समधे त्याने कापाब्लांकालाच हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली. टिपा लिहिताना त्याने कापाब्लांकाचे डाव किती बारकाईने चाळले असतील बघ, म्हणून मी सारखं म्हणतो लिही, नुसतं वाचू नकोस.

टिपांमधल्या उपचालींबद्दल, म्हणजे कंसात "इथे हे खेळलं असतं तर" म्हणून जे पाचसात चालींचं लांब शेपूट असतं त्याबद्दल: आधी डोक्यात दोनतीन चाली बघायचा प्रयत्न कर, मग एक छोटा मॅग्नेटिक सेट बाजूला ठेव आणि त्यावर लावून बघ. मोठ्या बोर्डावर उपचाली लावल्या की मुख्य पोझिशन हरवते, मग परत लावायचा कंटाळा येतो, मग माणूस पुढचं नुसतं वाचून टाकतो. सगळ्या उपचाली बघायच्याही नाहीत. पण जी चाल तू सुचवली होतीस आणि जी खेळली गेली नाही तिच्यावर टीप असेल तर ती सोडू नकोस, तिच्यासाठीच तर आपण पुस्तक उघडलंय.

डाव कुठले घ्यायचे? सुरुवात जुन्यांपासून कर. मॉर्फी, रुबिनस्टाइन, कापाब्लांका. त्यांचे विरोधक बऱ्याचदा समोरचा काय करतोय ते ओळखून वेळेवर अडवू शकायचे नाहीत, त्यामुळे प्लॅन सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघडा दिसतो. आजच्या टॉपच्या डावात दोघंही एकमेकांचे प्लॅन जन्मायच्या आधीच मारतात आणि आपल्याला वाटतं काही घडलंच नाही. मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसच्या ऑपेरातला डाव तू पाहिलाच असशील, सगळे शेवटचं वजिराचं बलिदान बघून टाळ्या वाजवतात, पण तू आठव्या चालीला थांब. वजीर बी७ चं प्यादं घेऊ शकतो, फुकट. घेतलं तर काळा वजीर बी४ ला शह देऊन वजिरावजिरी करतो, प्यादं मिळतं पण हल्ला संपतो. मॉर्फी घोडा सी३ ला काढतो, आणि नऊ चालींनी मात आहे. बी७ घेणं चूक नव्हतं, पण त्याला काय हवं होतं ते त्या एका चालीत कळतं.

पुस्तक निवडताना शब्द जास्त आणि आकडे कमी असलेलं घे. नुसती चिन्हं असलेले डाव, म्हणजे बेलग्रेडचं इन्फॉर्मेटर १९६६ पासून ज्या भाषाविरहित खुणा वापरत आलंय त्या पद्धतीचे, ते नंतर. जुनं पुस्तक म्हणतेयस तर त्यात पी-के४ असं जुनं नोटेशन असण्याची शक्यता आहे, घाबरू नकोस, दोन दिवसांत सवय होते. एवढंच लक्षात ठेव की त्यात प्रत्येक जण आपापल्या बाजूने मोजतो, म्हणजे पांढऱ्याचं पी-के४ म्हणजे ई४ आणि काळ्याचं पी-के४ म्हणजे ई५.

आणि टिपा म्हणजे वेदवाक्य नाही. जिंकणाऱ्याच्या प्रत्येक चालीला उद्गारचिन्ह आणि हरणाऱ्याच्या प्रत्येक चालीला प्रश्नचिन्ह हा रोग बऱ्याच पुस्तकांना आहे. कास्पारोव्ह-टोपालोव्ह, वाइक आन झे, १९९९, तो जगप्रसिद्ध डाव घे. २४ व्या चालीला कास्पारोव्हने डी४ ला हत्ती दिला आणि पुढे काळ्या राजाला बोर्डभर पळवलं, पण टोपालोव्हने तो हत्ती घेतलाच नसता आणि राजा बी६ ला नेला असता तर पांढऱ्याला काहीच मिळालं नसतं. त्याने डावाची मजा कमी होत नाही, उलट तू बी६ स्वतः शोधलंस तर तुझा आत्मविश्वास कुठल्या कुठे जाईल. इंजिनाचं काम इथे, सगळ्यात शेवटी. तुझ्या टिपा लिहून झाल्या, पुस्तकाच्या वाचून झाल्या, जिथे तुझं आणि लेखकाचं पटत नाहीये तेवढ्याच जागा इंजिनाला विचार. सुरुवातीपासून शेजारी इंजिनाचा, कोण पुढे ते दाखवणारा बार चालू ठेवलास तर सगळी मेहनत पाण्यात.

आठवड्याला दोनच डाव कर. एक डाव दोन बैठकांत झाला तरी चालेल. आणि आठवड्याने तोच डाव पुस्तक न उघडता आठवणीतून लावून बघ, जिथे अडकशील ती चाल तुला कळलेलीच नव्हती असं समज आणि तिथलीच टीप परत वाच.

आता कारो-कान एक्स्चेंज. यासाठी फिशर-पेट्रोस्यान, बेलग्रेड १९७० घे, आणि यावेळी काळ्याच्या बाजूने बस, म्हणजे हरणाऱ्याच्या. पांढऱ्याने डी५ ला मारामारी करून चौथ्या चालीला उंट डी३, मग सी३, उंट एफ४. पेट्रोस्यान सहाव्या चालीला उंट जी४ ला काढतो, फिशर वजीर बी३ ला आणतो, आणि इथे काळ्याचा घोडा ए५ ला जातो, पण वजिराने ए४ वरून शह दिला की उंट निमूट परत डी७ ला. आज बहुतेक जण तिथे घोडा न हलवता वजीर डी७ किंवा सी८ ला ठेवतात. पुढे ११ व्या चालीला फिशर ए४ खेळतो. दिसायला कोपऱ्यातलं साधं प्यादं, पण काळ्याला डी७ चा उंट बी५ वर आणून पांढऱ्याच्या चांगल्या उंटाशी बदलून टाकायचा होता, ते त्याने बंद केलं. तू जिथे गुदमरतेस ना, तुझा पांढऱ्या घरांचा उंट कुठे असतो ते तुझ्या हरलेल्या डावांत जाऊन बघ, मला वाटतं ई६ खेळल्यावर आत कोंडलेला सापडेल. तो ई६ च्या आधी बाहेर काढायचा किंवा बदलून टाकायचा, आणि मग वजिराच्या बाजूला बी५-बी४ ढकलून सी३ वर दबाव आणायचा, हा या रचनेतला काळ्याचा नेहमीचा प्लॅन. पेट्रोस्यानसारखा माजी वर्ल्ड चॅम्पियन कुठे कुठे अडला ते त्याच्या खुर्चीत बसून बघितलंस की ओपनिंगच्या दहा व्हिडिओंपेक्षा जास्त हाती लागेल.

महिनाभर हे जमलं की मग टिपा नसलेला डाव घे आणि टिपा तू लिही. आपल्या अभिजित कुंटेंनी २००३ साली ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकली तेव्हाचे डाव डेटाबेसमधे शोध, नाहीतर २०२५ च्या एप्रिलमधे इथे पुण्यात विमेन्स ग्रांप्री झाली, कोनेरू हम्पी जिंकली, त्यातला एखादा घे. पहिल्यांदा चालीला चाल लागणार नाही, दोन ओळी लिहिताना घाम फुटेल, फुटू दे.

स्पर्धेच्या आधीचा आठवडा नवीन डाव नको. वहीत जिथे तुझी चाल चुकली होती तेवढ्या जागा परत लाव आणि झोप पूर्ण कर. पहिल्या रेटिंगसाठी रेटेड खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात आणि ते एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असं काही नाही, त्यामुळे रेटिंग येईल की नाही हा विचार बोर्डापाशी नेऊ नकोस. स्कोअरशीटवर प्रत्येक चालीला उरलेला वेळही टिपत जा. डाव संपला की समोरच्याला विचार पाच मिनिटं बघूया का, बहुतेक जण हो म्हणतात, आणि रूमवर येऊन इंजिन लावायच्या आधी त्या डावावर स्वतःच्या टिपा लिही, कुठे काय वाटत होतं, कशाची भीती वाटत होती, सगळं. त्यातला एक हरलेला डाव टिपांसकट मला पाठव. कारो-कानचा असेल तर उत्तमच.